दार आपलं, चावी आत

घर-दुरुस्तीच्या या सदरात एरवी गळके नळ आणि ओल आलेल्या भिंती यांचीच पत्रं जास्त असतात. या महिन्यात मात्र गठ्ठा उघडला तर कुलपंच कुलपं. नागपूरच्या इतवारीत कुलूप-बिजागरीच्या दुकानात बसणाऱ्या माझ्यासारख्या बाईला त्याचं नवल नाही. कूलरना वाळ्याच्या ताट्या लागल्या की आमच्याकडे अशी गिऱ्हाइकं येऊ लागतात. का, ते पहिल्याच पत्राच्या उत्तरात येईल.

प्रश्न : काकू, नमस्कार. मी मूळची वणीची, मिहानमध्ये नोकरी करते. मनीषनगरला एका फ्लॅट स्कीममध्ये चौथ्या मजल्यावर आम्ही दोघी मैत्रिणी भाड्याने राहतो. मे महिन्यात एका दुपारी कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला म्हणून पाऊल टाकलं आणि मागे धाडकन दार लागलं. लॅचचं दार. चावी आत, मोबाईल आत चार्जिंगला, पायात चप्पल नाही. मैत्रीण ऑफिसात. शेजारच्या काकूंच्या फोनवरून नेटवर सापडलेल्या एका चावीवाल्याला बोलावलं. फोनवर तीनशे म्हणाला. आल्यावर ‘हे हाय सिक्युरिटी लॉक आहे’ म्हणाला, ड्रिल मारलं, अख्खं लॅच बदललं आणि अडीच हजार घेतले. गॅसवर वरणाचा कुकर होता तो जळाला, ते वेगळंच. घरमालक पुण्याला असतात, ते आता विचारतात, मला न सांगता लॉक का बदललं? मी फसले का? आणि अशा वेळी नेमकं बोलवायचं कोणाला?

उत्तर : पोरी, तुझ्या पत्रात कुकर सगळ्यात शेवटी आला. माझ्या उत्तरात तो पहिला.

गॅस सुरू असताना दार लागलं तर पहिला फोन चावीवाल्याला करायचाच नाही. १०१ फिरवायचा, म्हणजे अग्निशमन दल. किंवा ११२, तिथून पोलीस, आग, रुग्णवाहिका सगळीकडे निरोप जातो. ‘एवढ्याशा कुकरसाठी फायर ब्रिगेड?’ अशी लाज वाटते लोकांना. वाटू नये. कुकरमध्ये पाणी आहे तोवर तो शिट्ट्या मारत राहतो. पाणी संपलं की डाळ करपते, शिट्ट्या थांबतात, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, चला, शांत झालं. खरा धोका तिथून सुरू होतो. भांडं तापत जातं आणि मग सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. ठरावीक उष्णतेला वितळणारा धातू त्यात त्यासाठीच घातलेला असतो. हे झालं कुकरचं. गॅसवर तेलाची कढई असेल तर तेवढाही वेळ मिळत नाही. तेव्हा शेजारची दोन दणकट पोरं बोलवा आणि दार तोडा. चौकटीचं पुढे पाहता येईल.

आणि वाऱ्याने बर्नर विझून गॅस नुसताच सुटलाय, दाराच्या फटीतून वास येतोय, असं वाटलं तर बेल दाबू नका. घाबरलेला माणूस आत कोणी नाही हे माहीत असूनही बेल दाबत राहतो, मी पाहिलंय. बटण दाबलं की ठिणगी पडू शकते, आणि ती पडणार घराच्या आत. आसपास बिडी-सिगारेट नको, मजल्यावरच्या लोकांना खाली उतरवा. गॅसगळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

आता दार का लागलं ते. वाऱ्याने, असं तू म्हणशील. पण वारा बाहेरचा नव्हता गं, तुझ्याच कूलरचा होता. खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि त्या हवेला निघायला वाट लागते. म्हणून तर कूलर लावला की आपण दुसरी एखादी खिडकी किलकिली ठेवतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, लोक झळ येते म्हणून तीही बंद करतात. फ्लॅटचं मुख्य दार बहुतेक ठिकाणी आत उघडतं. तू ते उघडलंस की कोंडलेली हवा सगळी जिन्याकडे धावली आणि जाताना दाराला चौकटीवर आपटून गेली. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे सांगितलं की हसतात. त्यांनी मे महिन्यात इकडे येऊन दाखवावं.

उपाय लॅचमध्येच आहे. आतल्या बाजूला लहानसा खटका असतो. चौकटीत शिरणारी लॅचची जीभ आत ओढून तो खटका सरकवला की जीभ आतच राहते, दार आपटलं तरी लागत नाही. निम्म्या घरांत तो खटका रंगाऱ्याने रंगाने बुजवलेला असतो. पिनने रंग खरवडून काढ. खटकाच नसेल तर दाराला चुंबकाचा स्टॉपर बसवून घे. आमच्याकडे एका आजींनी वरवंटा ठेवलाय दाराशी, तोही चालतो.

आता पैशांकडे. फसलीस का, हे तुझी जुनी चावी पाहून तुलाच ठरवता येईल. दुकानात असा प्रश्न घेऊन कोणी आलं की मी काउंटरखालून कुलपाचा एक कापलेला सिलिंडर काढते, म्हणजे चावी शिरते तो भाग. करंगळीएवढा पितळी तुकडा. त्यात ओळीने बारीक पिना, तांदळाच्या कणीहून थोड्या मोठ्या, प्रत्येक पिनेच्या डोक्यावर तेवढीच बारीक स्प्रिंग, आणि प्रत्येक पिन मधोमध दोन तुकड्यांची. चावी घातली की तिचे दाते पिनांना वर ढकलतात. योग्य चावी असेल तर सगळ्या पिनांचे जोड एकाच रेषेत येतात आणि सिलिंडर फिरतो. एखादी पिन केसभर वर-खाली राहिली की अडलं. अमेरिकेतल्या लायनस येल यांनी १८६०च्या दशकात याचं पेटंट घेतलं. अलीगढची कुलपं असोत की गोदरेजची, सिलिंडरवाल्यांत तत्त्व तेच.

तुझ्या चावीला कडेला करवतीसारखे दाते असतील तर ते साधं नाईट लॅच. त्यातही तुझं दार नुसतं आपटून लागलं होतं, चावी फिरवून लावलेलं नव्हतं. अशा वेळी हात बसलेल्या कारागिराला ड्रिल काढायची वेळ क्वचित येते. तो ते कसं उघडतो हे मी इथे लिहिणार नाही, मासिक सगळ्यांच्याच हातात पडतं. पण चावी चपटी असून तिच्या पाठीवर गोल खळगे असतील, तर तिला डिंपल किंवा कॉम्प्युटर चावी म्हणतात. ते कुलूप चाळवून उघडणं अवघड, तिथे ड्रिल मारणं रास्त आहे. मात्र ड्रिल सिलिंडरला मारतात. भोक पडतं ते सिलिंडरला, लॅचची पेटी शाबूत राहते. त्याच मेकचा नवा सिलिंडर बसवला की काम झालं. अख्खं लॅच बदलायची गरज नव्हती. तेव्हा चावी दात्यांची असेल तर तू दोनदा फसलीस, खळग्यांची असेल तर एकदा.

पुढच्या वेळी फोनवरच तीन गोष्टी विचार : येण्याचे किती, उघडण्याचे किती, आणि ड्रिल मारावं लागलं तर सिलिंडरचे वेगळे किती. शेजाऱ्याच्या फोनवरून कुलपाचा फोटो पाठव, म्हणजे ‘आल्यावर बघू’ला जागा राहत नाही. त्याने हत्यारांची पिशवी उघडण्याआधी आकडा पुन्हा एकदा शेजाऱ्यांसमोर वदवून घे. काढलेलं जुनं कुलूप मागून घ्यायचं. नव्याचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावायचं, आत किती चाव्या आहेत ते पाकिटावर छापलेलं असतं, तेवढ्या मोजून हातात.

बोलवायचं कोणाला? जो उद्याही त्याच चौकात बसणार आहे त्याला. बर्डीपासून सक्करदऱ्यापर्यंत रस्त्याच्या कडेला, मोठ्या चावीची पाटी टांगून, लोखंडी पेटीवर कानस घासत बसलेली ही माणसं असतात. कित्येकांच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्याने जास्त घेतले तर दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर जाऊन उभं राहता येतं. नेटवरच्या नंबरामागे कोण आहे, तो कुठून येतो, हे तुला कळायला मार्ग नाही. आज निवांत असताना आपल्या भागातल्या एकाचा नंबर घे आणि तो मोबाईलमध्ये नको, लिफ्टजवळच्या फलकावर लिहून ठेवायला सांग. मोबाईल आतच राहतो, हे तू पाहिलंसच.

तो चावीवाला तुला ‘घर तुमचंच कशावरून?’ असं विचारेल. राग मानू नकोस, असा विचारणारा भेटला तर नशीब समज. आधार आत, भाडेकरार आत, डिजिलॉकर उघडायला गेलीस तर ओटीपी आतल्या मोबाईलवर. मग शेजारी आणि चौकीदार हेच तुझे कागद. म्हणून भाड्याने राहणाऱ्या पोरींना मी सांगते, राहायला आल्या आल्या मजल्यावरच्या घरांत एकदा तोंड दाखवून या. काहीही न विचारता पाच मिनिटांत दार उघडून देणारा कारागीर उद्या दुसऱ्या कोणालाही तसंच उघडून देईल.

घरमालकांना जुनं लॅच परत कर, नव्याची एक चावी दे, बिलाचा फोटो पाठव. तुम्ही दोघी तिथे आलात तेव्हा आधीच्या भाडेकरूंनी चाव्यांच्या किती नकला काढल्या होत्या हे त्यांनाही ठाऊक नसेल, हेही जाता जाता लिही. खरं तर भाड्याच्या घरात शिरताना मालकाला विचारून फक्त सिलिंडर बदलावा, जुना जपून ठेवावा आणि घर सोडताना तोच परत बसवून द्यावा. कोणाचंच नुकसान नाही.

राहिली दुसरी चावी. पायपुसण्याखाली नको, तुळशीच्या कुंडीत नको, मीटरच्या पेटीवर तर नकोच नको. या जागा चोराला पाठ असतात. एक चावी मैत्रिणीच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, दुसरी ज्यांच्या घरी दिवसभर कोणीतरी असतं अशा शेजाऱ्यांकडे. चावीला फ्लॅट नंबरची चिठ्ठी अडकवायची नाही. आणि नक्कल काढायची ती मूळ चावीवरून. नकलेवरून नक्कल काढत गेलं की दात्यांचा फरक थोडा थोडा वाढत जातो आणि शेवटची चावी ऐन वेळी फिरत नाही.

प्रश्न : ताई, आम्ही बेश्याला राहतो. आई ७८ वर्षांची. दुपारी आतून कडी लावून निजते, कानातलं यंत्र काढून ठेवते, वर कूलरचा आवाज. मी बँकेतून आलो की अर्धा तास दार बडवतो. परवा तर शेजारी गोळा झाले, नाही नाही ते मनात आलं. कडी लावू नकोस म्हटलं तर ऐकत नाही.

उत्तर : भाऊ, आई ऐकणार नाही. आयुष्यभर कडी लावून निजलेल्या बाईला कडीशिवाय झोप येत नाही. आतून लावणं तिला राहू द्या, पण कडीच्या जागी असं कुलूप बसवा की आतून फिरवायला मूठ आणि बाहेरून चावी. तिने आतून लावलं तरी तुमच्या चावीने उघडतं. घेताना दुकानात दोन्ही बाजूंनी लावून पाहा, कारण काही लॅचना आतला खटका दाबला की बाहेरची चावीही चालत नाही. दोन्ही बाजूंनी चावी लागणारं मात्र घेऊ नका. रात्री धूर झाला तर आई चावी शोधत बसेल.

दाराच्या वरची-खालची टॉवर बोल्टची जोडी काढून टाका. तिला रिकामं वाटलं तर एक नुसता शोभेचा बोल्ट राहू द्या, भोक बुजवून. हे मी बऱ्याच घरांत करायला सांगितलंय, कोणाच्या आईला अजून कळलं नाही. बेलच्या जोडीला लखलखणारा दिवाही मिळतो, तो तिच्या पलंगासमोर लावा.

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे बाथरूमचं दार. म्हातारी माणसं पडतात ती तिथे. त्याची आतली कडी आजच काढा आणि बाहेरच्या बाजूला खाच असलेलं लॅच लावा. आठ आण्याच्या जुन्या नाण्याने ते बाहेरून फिरवता येतं. नातवंडं असतील तर त्यांच्यासाठीही हेच. चालायला लागलेलं पोर कडी लावायला शिकतं, काढायला नंतर. पोर आत अडकलं तर बाहेरून ओरडू नका, तेही रडायला लागतं. एकाने दाराशी बसून त्याच्याशी बोलत राहायचं, दुसऱ्याने १०१ लावायचा.

प्रश्न : काकू, मी नंदनवनला खोली घेऊन शिकतो. भाडं दोन महिने थकलं होतं. दिवाळीत गावाला गेलो, परत आलो तर मालकाने माझ्या कुलपावर स्वतःचं कुलूप लावलेलं. पुस्तकं, कपडे, मार्कशीट सगळं आत. चावीवाल्याला आणून उघडू का?

उत्तर : नाही. कुलपाच्या धंद्यातली असून सांगते, या कुलपाला हात लावू नकोस. तू ते तोडलंस की उद्या मालक म्हणेल, पोराने कुलूप फोडलं आणि माझं अमुक गेलं.

भाडं थकलं म्हणून घर रिकामं करून घ्यायचं असेल तर मालकाने न्यायालयात जायचं असतं. लीव्ह अँड लायसन्सचा करार असेल आणि मुदत संपली असेल तरी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. स्वतः येऊन कुलूप ठोकायचं, हा रस्ता नाही. आधी दोन्ही कुलपांचे, तारीख दिसेल असे फोटो काढ. शेजारच्या खोलीतल्या पोरांना दाखव. मालकाला लेखी मेसेज कर : माझं सामान व कागदपत्रं आत आहेत, कुलूप काढावं, थकलेलं भाडं अमुक तारखेला देतो. भाषा सभ्य ठेव, हा मेसेज पुढे वकील वाचणार आहे. मग पोलीस ठाण्यात लेखी अर्ज, पोच घेऊन. मार्कशीट आत आहे हे त्यात ठळक लिही. बरेचदा एवढ्यावर मालक नरमतो.

नाही नरमला तर १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याचं कलम ६ आहे. कायद्याचा मार्ग सोडून ज्याचा ताबा काढून घेतला, त्याला तो परत मागता येतो, पण दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. तेव्हा ‘परीक्षा झाल्यावर बघू’ करू नकोस. करार कागदावर नाही म्हणून घाबरू नकोस; करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी भाडे कायद्याच्या कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. तुझा करार कोणता, त्याला कोणतं कलम लागू, हे वकिलाला दाखवूनच पुढे जा. वकिलाचे पैसे नसतील तर १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर आहे, उत्पन्न कमी असेल तर वकील मोफत मिळतो.

आणि बाळा, थकलेलं भाडं खरंच दे. निम्मं आत्ता दिलंस आणि त्याची पावती ठेवलीस तर तुझी बाजू जड होते.

प्रश्न : पाऊस सुरू झाला की आमच्या दाराची चावी फिरतच नाही. कुलूप बदलावं का? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : कुलूप चांगलं असतं, दार फुगलेलं असतं. मेमध्ये वाळून खडखडीत झालेलं लाकूड जुलैत ओल पितं, मग जीभ चौकटीतल्या खाचेत तिरकी अडते. दार स्वतःकडे घट्ट ओढून, नाहीतर खांद्याने आत रेटून चावी फिरवा. फिरली तर सुताराला बोलावून खाच थोडी मोठी करून घ्या, बिजागरीचे स्क्रूही आवळून घ्या. कुलपात खोबरेल तेल ओतू नका. नागपूरची धूळ त्यात बसते आणि दिवाळीपर्यंत आत चिखल होतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड चावीला चोळून ती दोन-चारदा आत-बाहेर करा. जोर लावून चावी तुटली तर दुसरी चावी घालून ढकलू नका आणि फेविक्विकचा प्रयोग तर अजिबात नको. तुकडा सिलिंडरलाच चिकटतो आणि सुटणारं काम ड्रिलवर जातं.

प्रश्न : मुलाने बोटाच्या ठशाचं डिजिटल लॉक बसवून दिलंय. बॅटरी संपली तर आम्ही दोघं म्हातारे बाहेरच का? (धरमपेठ)

उत्तर : बॅटरी उतरायला लागली की ते बरेच दिवस आधी टुकटुक आवाज करतं. तो ऐकून न ऐकल्यासारखं करू नका, सगळे सेल एकदम बदला. तरी संपलीच, तर बहुतेक मॉडेलना बाहेरून खालच्या बाजूला दोन धातूचे ठिपके असतात. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी त्याला टेकवून धरली की तेवढ्यापुरता जीव येतो आणि बोट लावता येतं. काहींना मोबाईल चार्जरची पिन चालते. तुमच्या लॉकला यातलं काय आहे ते मुलाकडून आजच विचारून घ्या आणि एकदा त्याच्यासमोर करून पाहा. सोबत एक साधी चावीही आलेली असते, ती डब्यासकट कपाटात पडली असेल. ती शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवा. ९ व्होल्टची बॅटरी घरात आणून ठेवू नका, इलेक्ट्रिकच्या दुकानात ती मिळते, आणि हवी असेल तेव्हा तुम्ही बाहेरच असणार आहात.